अदलाबदल झालेल्या अँटेना

तिच्या मामाच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात तो आला तेव्हा हातातला सर्किट बोर्ड त्याने चक्क उलटा धरला होता. आणि वर म्हणतो कसा, "मला सोल्डरिंग येतं हं."

"दिसतंय ना," ती म्हणाली, आणि बोर्ड सुलटा केला.

त्याचे आजोबा फिरायला जायचे आणि घरचा रस्ताच विसरायचे. त्यांच्या खिशात ठेवायला त्याला एक यंत्र जोडायचं होतं, उपग्रहांवरून ठिकाण ओळखून मोबाइलवर मेसेज पाठवणारं. ते चाललं, की आजोबांना आत्याच्या भरवशावर ठेवून सोमवारी तो दुसऱ्या शहरात नोकरीला जाणार. नाही चाललं, तर... नाही जाणार.

चार संध्याकाळी दोघं एका टेबलावर वाकलेली. ती त्याचं मनगट धरून सांगायची, "आधी पिन तापू द्या, मग तार लावा. घाई नको."

"घाई कुणाला आहे?"

तिचे कान गरम झाले. सोल्डरिंग गनपेक्षाही.

"एवढ्या पिनांना मला अर्धा तास लागतो," काउंटरवरून मामा म्हणाला. "चालू द्या तुमचं."

शनिवारी दोघं गच्चीवर गेली, कारण यंत्राला मोकळं आकाश लागतं. सिमचा दिवा लुकलुकला, पण ठिकाण काही येईना. दहा मिनिटं... वीस मिनिटं... वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या हातावर जाऊन बसली. दोघांनीही ती हलवली नाही.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "तिकीट रद्द करतो."

तेवढ्यात तिला दिसलं – उपग्रहाच्या आणि सिमच्या अशा दोन अँटेनांच्या तारांची अदलाबदल झाली होती. गप्प बस, मन म्हणालं. कुणाला कळतंय? पण कुठल्यातरी चौकात उभे राहून दारांवरच्या पाट्या वाचणारे आजोबा तिच्या डोळ्यांपुढे आले.

"अँटेना... चुकीच्या जागी लागल्यात."

त्याने बोर्ड बंद केला आणि मान खाली घालून तारा बदलल्या. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. मेसेजमध्ये हीच गच्ची होती.

"मला मघाशीच कळलं होतं," तो म्हणाला. "पण तारा बदलायला हात होईना."

"का?"

"तुला खरंच माहीत नाही?"

तू... पहिल्यांदाच.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. सोमवारच्या आत."

त्याने खिशात फोन टाकला, आणि सांगितलं.