पाठीला हवा लागणारा कोट

भांडण तिनं बसमध्येच पाठ करून ठेवलं होतं. आधी कोट काउंटरवर आपटायचा, मग वडिलांचं सांगायचं, आणि दुकानदार "आम्ही काय करणार" म्हणाला की आवाज चढवायचा. पण रेनकोटच्या दुकानात दुकानदार नव्हताच. काउंटरमागे एक तरुण गुडघ्यावर छत्री घेऊन तिची मोडलेली काडी बसवत होता.

"मालक कुठेत?"

"मामा दाढ काढायला गेलेत. काही हवं होतं?"

"भांडायचं होतं."

"अच्छा..." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "त्यांना तासभर तरी लागेल. आणि आल्यावर तोंडात कापसाचा बोळा असेल, म्हणजे उत्तर देता येणार नाही. माझ्याशी चालेल?"

हसू आलं तर भांडण बुडेल, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले आणि पिशवीतून कोट काढून आपटला. बाहेर सकाळपासून पाऊस भुरभुरत होता, तरी हवेत उकळत्या पातेल्यावर वाकल्यासारखा उबारा होता. दुकानातला पंखा फक्त आवाज करत होता.

"हा कोट महिन्यापूर्वी इथून नेला. माझे वडील तळ्यावर मासेमारी करतात, तीस वर्षं झाली. मंगळवारी जाळं ओढता ओढता होडीत भोवळ येऊन पडले. शेजारच्या होडीतल्यांनी काठावर आणलं. कोट काढला तर आतला सदरा पिळून निघत होता... आणि पावसाचा एक थेंब आत आलेला नव्हता! सगळा घाम. डॉक्टर म्हणाले, या कोटात माणूस वाफवून निघेल."

"आता कसे आहेत?"

हा प्रश्न तिच्या पाठांतरात नव्हता. "बरे आहेत," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "पण ते म्हणतात, कोटाशिवाय जाईन. गेल्या वर्षी तसेच भिजले आणि तीन आठवडे तापानं अंथरुणाला खिळले. आता आईनं निर्वाणीचं सांगितलंय. सोमवारी होडीला गिऱ्हाईक येतंय. तोवर धड कोट मिळाला तर ठीक, नाहीतर होडी विकायची. घरात एकतर होडी राहील, नाहीतर आई."

"आणि होडी गेली तर?"

"तर बाबा घरात बसतील. एका जागी बसलेले बाबा आम्ही कोणी पाहिलेले नाहीत. पाहायचेही नाहीत."

तरुणानं कोट उलटा केला. बगलेत बोट घातलं, पाठीवरची झडप उचलली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोटात दोष नाही," तो म्हणाला.

"वाटलंच मला! आम्ही काय करणार, असंच ना?"

"नाही. दोष माझ्यात आहे. हे बघा, बगलेत चार-चार छिद्रं होती, आणि या झडपेखाली जाळी. हवा खेळायला कंपनीनंच ठेवलेली. ती मी बुजवली. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि ठिगळं लावून... प्रत्येक कोटाची. फुकट."

"का?"

"मामांकडे यायच्या आधी मी ताडपत्रीच्या कारखान्यात होतो. सहा वर्षं. तिथं छिद्र दिसलं की बुजवायचं, एवढंच शिकलो. इथं आलो, कोट पाहिले... वाटलं, कंपनी गिऱ्हाइकाला फसवतेय."

तिनं कोट उचलून पाहिला. ठिगळं सुरेख बसवली होती, कडा घासून, एकसारखी गोल. इतक्या मन लावून केलेली चूक तिनं पूर्वी पाहिली नव्हती. त्यानं ती कबूल केली नसती तर तिला जन्मात कळलं नसतं, हेही तिच्या लक्षात आलं, आणि त्याचा तिला जास्तच राग आला. कारण आता भांडायचं कोणाशी?

"पैसे परत घ्या," तो म्हणाला.

"पैसे घालून बाबा तळ्यावर जाणार आहेत का? कोट द्या. आणि बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय?"

"अकरा कोट गेलेत. आजच निरोप धाडतो. मामांचं तोंड बंद आहे तोवर."

या वेळी मात्र ती हसली.

त्यानं मांडणीवरून तीन कोट काढले. पहिला जाड रबरी, सगळ्यांत स्वस्त. दुसरा महागडा, पहिल्याच्या चौपट किमतीचा. पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर सोडतो, असं त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. तिसरा पातळ नायलॉनचा, किमतीला मधला, नावाजण्यासारखं काही नाही.

"चिठ्ठीवर काहीही लिहितात," ती म्हणाली. "गरम पाणी आहे? आणि काचेचे ग्लास?"

ती कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मुलांना उपकरणं लावून देणं आणि फुटलेल्या परीक्षानळ्यांवरून ओरडणं हे तिचं रोजचं काम. तिनं गरम पाण्याच्या ग्लासावर रबरी कापड ताणून बसवलं आणि वर दुसरा कोरडा ग्लास पालथा ठेवला. दोघं काउंटरच्या दोन बाजूंनी वाकून पाहू लागले. वरचा ग्लास लख्ख राहिला. मग महागड्या कोटाची बाही ताणली. हळूहळू काच धुरकटली... आणि धुरकटलेल्या काचेपलीकडे त्याचे डोळे आले. ती आधी सरळ झाली.

"म्हणजे हाच!" तो म्हणाला.

"घाई करू नका. इथं वरचा ग्लास कोरडा आहे, थंड आहे, म्हणून वाफ वर गेली. तळ्यावर पावसात बाहेरची हवाच घामाघूम. मग आतली वाफ जाणार कुठे? थंडीत हा कोट कामाचा. आपल्याला नाही. आणि चौपट पैसे ऐकूनच बाबा आडवे होतील, भोवळ यायची वाट बघणार नाहीत."

"मग?"

"कापडातून नाही, तर मोकळ्या वाटेनं हवा सोडायची. खालून शिरली पाहिजे, वरून निघाली पाहिजे."

"म्हणजे... छिद्रं."

"छिद्रं. तुमचे जन्माचे वैरी."

त्यानं तिसरा, पातळ कोट उचलला, कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवरचं झाकण काढलं आणि म्हणाला, "वैर मिटवायला दोन दिवस द्या."

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर ती आली तेव्हा त्यानं कोट पाठीत आडवा कापून आत जाळी लावली होती आणि वरून वीतभर रुंद झडप सोडली होती. बगलांत चेन बसवली होती, उकडलं की उघडायची. कोट दोन मापं मोठा घेतला होता, अंगाला चिकटू नये म्हणून.

"लांबी कमी करा," ती म्हणाली. "मांडीपर्यंत. खाली बाबा अर्धी चड्डीच घालतात, पाय भिजले तर भिजले. आणि टोपी अशी नको, मान वळली की डोळ्यांवर येते."

"मान वळवून दाखवा."

तिनं वळवली. टोपी डोळ्यांवर आली. त्यानं ती दोन बोटांनी मागे सारली आणि हात तिथंच थोडा जास्त वेळ राहिला. "इथं एक नाडी हवी," तो म्हणाला. 

आतल्या खुर्चीतून मामा गाल धरून दोघांकडे पाहत होते. त्यांना बोलायची मनाई होती, म्हणून त्यांनी नुसताच उसासा सोडला. तो चांगलाच ऐकू आला.

शनिवारी टोपी बसली. टोपी बसून झाल्यावरही ती स्वतः तासभर बसली. कोटाविषयीचं बोलणं पहिल्या दहा मिनिटांत संपलं होतं.

रविवारी ती कोट घेऊन घरी गेली. बाबांनी तो डोळ्यांसमोर धरला, पाठीवरची फट पाहिली आणि म्हणाले, "पोरी, हा कोट आहे की खिडकी?"

"घालून तर बघा."

"एकदा दुकानावर विश्वास ठेवून पडलो. आता नाही. ज्यानं शिवलाय त्यानं आधी घालावा. उद्या पहाटे होडीत बसावं, माझ्याबरोबर जाळं ओढावं. मग ठरवू."

निरोप सांगायला ती परत दुकानात गेली. "कधी बसलो नाही होडीत," तो म्हणाला. आणि लगेच, "किती वाजता?"

सोमवारी साडेपाचला तो काठावर हजर होता. बाबा सदऱ्यावर, डोक्याला टॉवेल. ती जुन्या छत्रीसह मधल्या फळीवर. आणि कोटात भाचेबुवा, होडीची कड दोन्ही हातांनी धरून. भाचेबुवा हे नाव बाबांनी पहिल्या पाच मिनिटांत ठेवलं.

"भाचेबुवा, कड सोडा. होडी तुम्ही धरून ठेवलीय म्हणून तरंगत नाहीये."

सात वाजता पाऊस आला. मोठा, सरळ, कोमट. तासाभरानं थांबला आणि ढगांमागून ऊन तापू लागलं, तळ्यावरून वाफ उठली. बाबांनी त्याला जाळं ओढायला लावलं. एकदा, दोनदा, पाचदा. त्याचा चेहरा पोपटी झाला होता, पण तो होडीच्या डोलण्यानं. तिनं छत्री मिटून बाबांच्या जोडीला वल्हं घेतलं. त्याच्या कपाळावरचा घाम ती मोजत होती. दर थोड्या वेळानं विचारायची, "बगल उघडली का?" आणि तो मान हलवायचा, कारण बोलायला तोंड उघडणं त्याला धोक्याचं वाटत होतं.

दहाला होडी काठाला लागली. काठावर आई उभी होती, आणि तिच्यामागे झाडाखाली होडीचं गिऱ्हाईक, पायानं एक दगड उलथापालथा करत. आईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"काय हो, चालतो का कोट?"

सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. 'हो म्हण,' ती मनात म्हणाली. 'नुसतं हो.'

त्यानं कोट काढला आणि आईकडे पाठ केली. सदरा पाठीवर जवळजवळ कोरडा होता. गळ्याशी आणि पट्ट्याच्या जागी ओल. मग तो वळला आणि दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत बाह्या भिजल्या होत्या.

"घाम साचत नाही. डोकं हलकं राहतं. पण जाळं ओढायला हात वर केले की मनगटातून पाणी आत येतं. ते मला थांबवता आलेलं नाही. पट्टी लावली तर हवा कोंडते. आणि दुपारच्या उन्हात हा कोटही तापेल, अकराच्या आत परतायला हवं."

तिनं डोळे मिटले. हा माणूस खोटं बोलायचं शिकणार तरी कधी?

आईनं त्याची ओली मनगटं धरून पाहिली. पाठीवर तळहात ठेवून पाहिला. मग बाबांकडे वळली. "ऐकलंत? अकराच्या आत."

"अगं, पण मासा कधी..."

"अकराच्या आत. कबूल असेल तर घाला, नाहीतर तो माणूस तिथं उभाच आहे." आणि त्याच दमात गिऱ्हाइकाला हाक मारून म्हणाली, "भाऊ, तुम्हाला उगाच तंगडतोड झाली. कोपर भिजून कोणी मरत नाही. होडी द्यायची नाही."

बाबांनी कोट अंगात चढवला. तासभर हातात होता, तो त्यांना वाया घालवायचा नव्हता. होडी पुन्हा पाण्यात सरकली. आई त्यांची पाठ लांब जाईपर्यंत पाहत राहिली, आणि मग गिऱ्हाइकाला चहाला घेऊन गेली, कारण माणूस दुरून आला होता.

काठावर दोघंच उरले. तो दगडावर बसला. जमीन अजून त्याच्यासाठी डोलत होती.

"नुसतं 'चालतो' म्हणता आलं नसतं?" तिनं विचारलं.

"आलं असतं."

"होडी जाणार होती. कळत होतं ना?"

"कळत होतं. पण परत पडले असते तर... त्या दिवशी तुम्ही कोट आपटलात तेव्हा ते बरे होते. दुसऱ्यांदा असतीलच असं नाही."

ती शेजारी बसली. पाण्याकडे पाहत म्हणाली, "पोहता येत नाही ना तुम्हाला?"

"कसं ओळखलंत?"

"साडेचार तासांत कड किती वेळा सोडलीत? पाच वेळा, तीही बाबांनी ओढायला लावलं म्हणून. मग बसलात कशाला? मामांना घालायला सांगायचं, दुसऱ्या कोणाला..."

"तुम्ही बसणार होतात," तो म्हणाला. एवढंच. कानांच्या पाळ्या मात्र बोलत होत्या.

तिनं वाट पाहिली. एक बगळा उडाला, पुन्हा बसला. पाऊस पडू लागला, बारीक. 

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "मीच सांगून टाकते. तुमचं सांगून होईस्तोवर पावसाळा संपेल."

त्यानं मान वर केली. "मी कालच सांगणार होतो. पण म्हटलं, आधी कोट टिकू दे. तो फसला असता तर कुठल्या तोंडानं..."

"आणि टिकला म्हणून आता?"

"आता उठता आलं तर उभा राहून सांगतो."

तिनं हात पुढे केला. त्यानं तो धरला, उभा राहिला, जरा डगमगला, आणि धरलेला हात न सोडता सांगितलं.