ताईची फेड

फोनवरच्या त्या अनोळखी माणसाने धाकट्याचं नाव घेतलं आणि ताईच्या हातातली कात्री वाकडी गेली.

मोतिया रंगाचं, गिऱ्हाइकाने मोठ्या हौसेने निवडलेलं महागडं कापड होतं ते. पडदे शिवण्यात जिचं उभं आयुष्य गेलं, तिचा हात असा कधी घसरला नव्हता! पण फोनवरचा माणूस गोड आवाजात बोलतच होता. तुमचे बंधू ना ते, त्यांचा हप्ता थकलाय, आमचा फोन उचलत नाहीत, ओळखीच्या म्हणून अर्जात तुमचा नंबर दिलाय, म्हणून तुम्हाला त्रास दिला. कसलं कर्ज, असं ताईने कसंबसं विचारलं. दर महिन्याच्या सुरुवातीला थोडे थोडे उचलतात, असं त्याने सांगितलं आणि रक्कमही सांगितली... ती ऐकली मात्र, ताईने कात्री खाली ठेवली. कारण बरोब्बर तेवढेच पैसे धाकटा दर महिन्याच्या सुरुवातीला पाकिटात घालून तिच्या हातावर ठेवायचा, आणि वर म्हणायचा, पगार झाला गं ताई!

आई-वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत जात होता आणि ताईच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. ते बोलणं तिथेच थांबलं. मग या दुकानात, या लांबलचक टेबलावर, लोकांच्या खिडक्यांची मापं घेत आणि चुण्या घालत तिने भावाला वाढवला, इंजिनियर केला. तिची कमाई पुरली नाही तिथे शिक्षणाचं कर्ज काढलं. पुढे त्याने आपल्यासारखीच मुलगी पसंत केली. तीही पदवीधर, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि तिच्याही डोक्यावर शिक्षणाचं कर्ज! दोन पदव्या आणि दोन कर्जं घेऊन संसार सुरू झाला. मग खोलीच्या अनामत रकमेसाठी तिसरं काढलं, त्याचा हप्ता चुकला म्हणून चौथं... याची टोपी त्याला घालण्यातच बिचाऱ्यांचे दिवस जात होते.

आणि एवढं असून हा शहाणा बहिणीला पाकीट आणून देत होता!

बरं, गोष्ट एवढ्यावर संपती तरी ठीक होतं. पण दर महिन्याच्या मध्याला भावजय येई. कुठल्याशा जुन्या मालिकेतून उचललेला ‘वन्सं’ हा शब्द ती आधी थट्टेने वापरायची, मग तोच तोंडात बसला. येई, दोऱ्यांची रिळं उगाच रंगांप्रमाणे लावत बसे आणि शेवटी खाली मान घालून म्हणे, वन्सं, महिनाअखेरपर्यंत थोडे द्याल का, आणि त्याला कळू देऊ नका हं, तो मोडून पडेल. ताईचं काळीज तुटायचं. ती आतल्या डब्यातून काढून द्यायची. डब्यात काय असायचं? धाकट्याचं पाकीट!

आता बघा कसा खेळ झाला तो. धाकटा व्याजाने पैसे काढून ताईला देत होता, त्या हप्त्यापायी त्याच्या घरात वाणसामानाला पैसे उरत नव्हते, म्हणून बायको गुपचूप ताईकडे येत होती आणि ताई तेच पैसे तिच्या हातावर ठेवत होती. पैसे घरातल्या घरात फिरत होते, बाहेर जात होतं ते फक्त व्याज. तिघंही एकमेकांच्या मायेपोटी खोटं बोलत होती... देवा रे, मायेची ही कसली शिक्षा!

त्या संध्याकाळी ताई ताट पुढ्यात घेऊन विचार करत बसली. धाकट्याला सांगावं, तर भावजयीला दिलेला शब्द मोडतो. भावजयीला सांगावं, तर नवरा महिनोन् महिने खोटं बोलला हे तिला कळतं, आणि नव्या संसारात एकदा विश्वासाला तडा गेला की... आणि गप्प बसावं, तर दोघं डोळ्यांदेखत बुडतात. तिला स्वतःचाही राग आला. शेजारच्या औषधवाल्याला ती किती अभिमानाने सांगायची, आमचा धाकटा न चुकता पैसे देतो हं! त्या सुखाला ती इतकी भुलली होती, की पाकीट ठेवून धाकटा लगेच का पळतो, दोन घटका का बसत नाही, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने दोघांनाही दुकानात बोलावून घेतलं. एका सभागृहाचे मोठे पडदे घडी करायचेत, एकटीला आवरत नाहीत, असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं. एवढ्या पडद्याची घडी दोघांशिवाय होतच नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि चालत जाऊन टोकाला टोक जुळवायचं. दोघं चेष्टामस्करी करत कामाला लागली. धाकट्याचं टोक तिरकं झालं म्हणून भावजयीने त्याची इंजिनियरकी काढली. शेवटच्या घडीला दोघं अगदी समोरासमोर आली, तेव्हा ताईने शिलाई मशीन थांबवलं आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं. फोन, पाकीट, डबा... सगळं.

भावजयीच्या हातून पडदा सुटला.

"तू मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तू तरी कुठे सांगितलंस," धाकटा पुटपुटला.

ताईला वाटलं, मोडलं... आपणच आपल्या हाताने या पोरांचं घर मोडलं! पण भावजय पडद्याच्या त्या ढिगावर बसली, तोंडाला हात लावून तिने हिशेब जुळवला असावा, आणि एकाएकी तिला रडता रडता हसू फुटलं. म्हणाली, प्रयोगशाळेत थेंबाथेंबाचा मेळ लावते मी, आणि घरात आपलेच पैसे मला व्याजासकट उसने मिळत होते! धाकटा मात्र हसला नाही. तो ताईसमोर उभा राहिला, लहानपणी मार खाल्ल्यावर राहायचा तसाच.

"मला फेडायचं होतं गं ताई," तो म्हणाला. "तुझे डोळे गेले या सुईत. तुझं लग्न राहिलं. निदान महिन्याचं पाकीट तरी... तेवढंही नाही दिलं तर मी कसला भाऊ?"

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांत जे तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, ते आता ओठांवर आलं.

"उपकार परक्यावर करतात रे राजा. मी संसार केला. तुला न्हाऊ घातलं, तुझे पाढे घेतले, तुझ्या तापात जागले... तोच माझा संसार होता आणि तो मी सुखाने केला. त्याची किंमत तू चुकती करायला लागलास, तर माझ्याजवळ उरलं काय?"

धाकट्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हा एवढा मोठा, चष्मा लावणारा, साहेबांशी इंग्रजीत बोलणारा माणूस हुंदके देऊन रडला. ताई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"मग मी तुला द्यायचं तरी काय?" त्याने शेवटी विचारलं.

"जेवायला येत जा. रिकाम्या हाताने ये, पण घाईत येऊ नकोस."

भावजय उठून जवळ आली. डोळे पुसत, जरा अडखळत म्हणाली, "वन्सं, नुसतं जेवायला कशाला? आम्हाला राहायलाच घ्या ना."

दुकानावरच्या एकुलत्या एक खोलीत ताई राहायची. तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, बरं झालं बाई, नाही तरी मला हल्ली जिना चढवत नाही, मी खाली दुकानामागेच पथारी टाकणार होते. हे साफ खोटं होतं, तिघांनाही ते कळलं, आणि धाकटा तोंड उघडणार तोच भावजयीने त्याचा हात दाबला. घरातलं ते शेवटचं खोटं, असं तिने वन्संकडून वदवून घेतलं आणि मगच होकार दिला.

कर्ज काही जादूने नाहीसं झालं नाही. भाड्याच्या खोलीची अनामत परत मिळाली, त्यात ते फोनवाल्याचं मिटलं, आणि वाचलेल्या भाड्यातून तिसरं-चौथंही हळूहळू फिटू लागलं. शिक्षणाची दोन्ही कर्जं अजून होती आणि बराच काळ राहणार होती. पण नवं मात्र एकही घ्यायचं नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं, आणि दर महिन्याला कोणाकडे किती आहेत ते आता जेवताना उघडपणे बोललं जाऊ लागलं.

सामान आणलं त्या संध्याकाळी वर खोके सरकवल्याचे आवाज येत होते. पडद्यासाठी खिडकीचं माप कोणी घ्यायचं यावरून नवरा-बायकोचा वाद चालला होता. ताई खाली एकटीच हसली, मशीनवर झाकण घातलं, आणि किती तरी वर्षांनी तिने एकापेक्षा जास्त माणसांचा स्वयंपाक केला.