रिंगणातला जीवखडा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची वाहवा नको. पण यातलं एक अक्षर पदरचं नाही.

माझी बायको फोनवरची असली पानं वाचत नाही. म्हणून तर इथं लिहितोय.

मी जयराज. सांगलीत जेसीबी चालवतो. मूळ गाव वडूजच्या पुढं, माळाच्या पायथ्याला. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं की रविवारी गाड्या भरून रील काढायला याल, आणि तिथं कुणी जाऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

गेल्या वर्षीची तेवीस एप्रिल. दुपारचे साडेबारा.

हो, दुपार. रात्र नाही, अमावास्या नाही. डोक्यावर ऊन रणरणत होतं.

आई जाऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी दहावा.

बापाला थोरला, आईला धाकटा. त्यामुळं अग्नी मी दिला होता. अग्नी देताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो दगड म्हणजे जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात असतो म्हणतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की तो दगड नदीत सोडायचा. मग माणूस सुटतं. आमच्या भावकीत रीत अशी, की अग्नी देणाऱ्यानं तोपर्यंत जीवखडा अंगावेगळा करायचा नाही.

धोंडुआत्यानं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, तो आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या कमरेला बांधला होता.

"जया, ही तुजी आय हाय. जपून ऱ्हा," ती म्हणाली होती.

घरात बसून मी वैतागलो होतो. समोर थोरला भाऊ जोतीराम. सहा वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. बांधावरचा आंबा मी जेसीबीनं आडवा केला तेव्हापासून. चूक माझी होती. आता सांगायला लाज नाही, तेव्हा होती. आई शेवटपर्यंत एकच म्हणत गेली, "तुमी दोघं एका ताटात जेवलेलं बघायचंय मला."

नाही जेवलो. ती गेली.

सगळी भावकी दबक्या आवाजात बोलत होती... कावळा शिवायचा नाही. हे दोघं हात धरत नाहीत तोवर अनसाबाई हलायची नाही.

तेवढ्यात मयूरी म्हणाली, "काका, माळावरची रिंगणं दाखवता?" मयूरी दादाची मुलगी. पुण्यात जुन्या दगडाधोंड्यांचंच शिकते. दोन्ही घरांशी बोलणारी ती एकटीच.

"सुतकात कुठं उंडारायला चाललाईसा?" आत्या ओरडली.

मी ऐकलं नाही.

माळावर कुसळं, चार बाभळी आणि लांब पवनचक्क्या. मधोमध ती रिंगणं. एकात एक, एकात एक, लिंबाएवढ्या, नारळाएवढ्या काळ्या दगडांची. लहानपणी आम्ही तिथं गुरं घेऊन जायचो, पण आत कुणी जायचं नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"कुणी केली असतील गं?" मी विचारलं.

"कुणी म्हणतं थडगी. कुणी म्हणतं जुन्या वाटेची खूण. खरं कुणालाच माहीत नाही, काका."

"पांडवांचा खेळ, असं आमचं म्हातारं सांगायचं. मी म्हणतो, रिकामटेकडी माणसं होती. दुसरं काय!"

आणि मी खुशाल मधल्या रिंगणात जाऊन फतकल मारली.

कमरेचा दगड टोचायला लागला, म्हणून गाठोडी सोडून मांडीवर घेतली.

"काका, बघू ना आजीचा दगड."

इथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं.

मी गाठ सोडली. फडकं जमिनीवर पसरलं. त्यावर दगड.

आणि पवनचक्क्यांचा आवाज थांबला...

पाती फिरत होती. आवाज नव्हता.

दुसऱ्याच क्षणी वावटळ उठली. लांबून आली नाही हो, रिंगणातच उठली. तोंडात माती, डोळ्यांत माती. फडकं वर गेलं. आईच्या लुगड्याचा तुकडा तो, मी वेड्यासारखा त्याच्यामागं धावलो. मयूरीही धावली. बाभळीच्या काट्याला अडकलेलं फडकं काढलं आणि मागं वळलो.

रिंगणात दगड होते.

नुसते दगड. सगळे काळे. सगळे सारखे.

नऊ दिवस कमरेला बांधून हिंडलो, पण तो दगड मी एकदाही नीट बघितला नव्हता. कुणी बघतं का?

दोन तास शोधलं. हा? का हा? मयूरी रडायला लागली.

"काका, बाबांना सांगू या."

"आणि तो काय म्हणंल? याला आई बी सांभाळता आली न्हाई?" मी खेकसलो. "गप बस. दगडाला काय नाव कोरलेलं असतंय?"

बसलो होतो तिथला एक दगड उचलला. फडक्यात गुंडाळला. कमरेला बांधला.

तिला शपथ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येरळा नदीच्या काठावर शंभरेक माणसं. माझं डोकं भादरलेलं. भटजींनी पिंड मांडायला घेतला. सगळ्यांची तयारी होती दोन-तीन तास उन्हात उभं राहायची.

पत्रावळ अजून वाळूला टेकली नव्हती.

कावळा आला... थेट आला. आणि तुटून पडला.

त्याच्यामागं दुसरा. तिसरा. भाताचं शीत उरलं नाही.

"सुटली गं बाई!" बायका रडायला लागल्या. दादा पलीकडं तोंड फिरवून हुंदके देत होता.

माझ्या कानाशी कुणीतरी सुस्कारा सोडला. लांब. पुरुषाचा.

मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

दगड नदीत सोडताना आत्या जवळ आली. तिचे डोळे कोरडे होते.

"जया, वैनी अशी न्हवती रं. जलमात कवा पयल्या पंगतीला बसली न्हाई. समद्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायाची. आन आज अशी तुटून पडली?"



मी कुणाला सोडवलं होतं?

आणि आई कुठं होती?

तेराव्याला पाहुणे पांगले आणि मी एकटाच माळावर गेलो. तीच वेळ. भर दुपार. पुन्हा तेच. पाती फिरतायत, आवाज नाही. पाखरू नाही. वारा नाही.

मग खोकला...

दोनदा खोकायचं आणि मग "आई गं" म्हणायचं. आईला दम्याचा त्रास होता. ते खोकणं मी हजारांत ओळखीन.

आवाज खालून येत होता. जमिनीलगत.

"आये!" मी धावलो. जवळ गेलो की आवाज पलीकडून. पलीकडं गेलो की अलीकडून. गुडघे टेकून एकेक दगड हातात घेऊन विचारत होतो, "आये, तू हाईस का? ह्यात हाईस?" मी चाळिशीचा बाप्या, लहान पोरासारखा रडत होतो.

त्या रात्री डोक्यात एक गोष्ट आली. आईची इच्छा अपुरी होती. म्हणजे आईच्या दगडाला कावळा शिवणार नाही. जो दगड कावळा नाकारील, ती आई!

मग दर रविवारी सांगलीहून गाडी काढायची. डब्यात भात न्यायचा. बसलो होतो तिथला एक दगड घ्यायचा, रिंगणाबाहेर ठेवून त्याच्यापुढं पत्रावळीवर भात मांडायचा, पाणी सोडायचं आणि लांब जाऊन बसायचं. सोनियाला, माझ्या बायकोला, सांगायचो की गावाकडं काम आहे.

पहिला दगड. कावळा लगेच.

दुसरा. लगेच.

प्रत्येक वेळी कानाशी सुस्कारा. एकदा बाईचा. एकदा म्हाताऱ्याचा. एकदा... तान्ह्या लेकराचा. तो ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही.

सातव्या वेळी तर पत्रावळ खाली ठेवायच्या आत कावळा हातावरच आला. नखं रुतली. व्रण अजून आहे. केवढी भूक ती!

मयूरीला फोन केला. "मयू, मला कळलं ती रिंगणं कसली."

"कसली?"

"ज्यांचा कुणी दहावा घातला न्हाई, त्यांची."

ती म्हणाली, "काका, तुम्ही तिकडं जाऊ नका. प्लीज."

गेलो. जूनचा शेवटचा रविवार होता. पाऊस रुसलेला, आभाळ कोरडं. आठवा दगड.

कावळा बाभळीवर बसला होता. मान वाकडी करून बघत होता.

आला नाही.

एक तास. दोन तास. आला नाही!

मला किती आनंद झाला काय सांगू. सहा वर्षांत पहिल्यांदा मी दादाला फोन लावला. "दादा, माळावर ये. आई हितं हाय." तो अर्ध्या तासात आला. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून त्यानं माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. मग दुसरी. मग तिथंच मटकन बसला आणि मला जवळ ओढून धाय मोकलून रडला.

"आईला रानात टाकलीस व्हय रं..."

"चुकलं दादा. आंब्याचं बी चुकलं."

डब्यात भात होता. डब्याच्या झाकणात काढला आणि आम्ही दोघांनी त्यात हात घातला. एका ताटात. आईच्या डोळ्यांसमोर. घास उतरत नव्हता, पण खाल्ला.

कावळा हलला नाही.

"आये, बघ, जेवलो आमी. जा आता," दादानं हात जोडले.

नाही.

"बांध मोडून टाकतो. दोन्ही रानं एक करतो," मी म्हणालो.

नाही.

आमचं सगळं सांगून झालं. ऊन कलायला लागलं. तो नुसता बघत होता. माझंच काळीज तुटलं. वाटलं, हिला जायचंच नसेल. कशाला हाकलायचं आपल्या आईला?

मी पत्रावळीपुढं डोकं टेकलं.

"आये, जायाचं नसंल तर नगं जाऊस. माझ्या घरी चल. घर तुझंच हाय. माझ्यात येऊन ऱ्हा."

पंखांचा आवाज झाला...

कावळा शिवला.

एकच घास घेतला. सावकाश. आणि माझ्याकडं बघत राहिला.

या वेळी सुस्कारा आला नाही.

दादा हसत होता, रडत होता. "आली रं! आली आपली आई!"

आणि आमच्या पाठीमागं, रिंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला...

कुणीतरी दोनदा खोकलं.

"आई गं..."

मग माझ्या आईचा आवाज, थकलेला, अगदी स्वच्छ.

"जया... मी हितं हाय रं."

दादानं माझं मनगट धरलं. त्यालाही ऐकू आलं होतं.

आम्ही धावलो. ओरडलो. अंधार पडेपर्यंत दगड उलटेपालटे केले. पुन्हा आवाज आला नाही. परत पत्रावळीपाशी आलो, तर भात तसाच होता. दगड नव्हता.

त्यानंतर मी तिथं गेलेलो नाही. दादा दर रविवारी जातो. भात मांडतो, हाका मारतो. म्हणतो, आता कावळेच येत नाहीत. खोकलाही नाही.

ऑगस्टमध्ये सोनियाला दिवस राहिले.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आमच्या. डॉक्टर झाले, देव झाले, आम्ही आशा सोडली होती. साऱ्या भावकीनं पेढे वाटले. ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "अनसाबाईच येतीया पोटाला." सोनियाही तेच म्हणते. रात्री पोटावर हात ठेवून आईशी गप्पा मारते. मला म्हणते, "आवं, बोला की आईंशी."

मी बोलत नाही.

तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत. फक्त बाळ दिवसभर गप्प असतं. खिडकीत कावळा ओरडला की हलतं.

परवा धोंडुआत्या सांगलीला आली. दादा तिला घेऊन आला होता. आत्यानं सोनियाच्या पोटावर हात ठेवला. "वैनी, या आता लवकर. समदी वाट बघत्यात."

पोटात काहीतरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरलं. साडीवरूनही दिसलं. सोनिया लाजून हसली.

दादा माझ्याकडं बघत होता. मी मान खाली घातली.

पुढच्या महिन्यात तिचे दिवस भरतील. घरात पाळणा आलाय, बाळाचं नाव ठरलंय, मुलगी झाली तर आईचंच, अनसूया.

आणि आमची आई तिकडं माळावर आहे. हे फक्त आम्हा दोघा भावांना माहीत आहे.