कापसाच्या खोलीतला गारवा

उन्हाळा तोंडावर आला की माझ्या दुकानात कुलरच्या गवताची मागणी सुरू होते. त्या दुपारी मी माझे जुने गिऱ्हाईक चंपतराव यांच्या गावी तेवढ्यासाठीच निघालो होतो. मोटरसायकलच्या मागे गवताच्या ताट्या बांधलेल्या, खिशात पेचकस, डोक्याला ओला रुमाल. बेला गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या उभ्या होत्या. त्यांच्यावर वेचायचा राहिलेला थोडा कापूस लोंबत होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. सांगतो ते सगळं भर दिवसाचं आहे, हे आधीच ऐकून ठेवा, म्हणजे पुढे मला कुणी विचारायला नको की पंढरीशेठ, झोपेत होता का.

माझी शाळा लवकर सुटली. पंखे, मोटरी, मोबाईल आणि आता हे हातात धरून खेळायचे गेमचे डबे, सगळं उघडून उघडून शिकलो. एकदा भीमपूरकडच्या एका गिऱ्हाइकानं रेडिओ परत आणला. म्हणे, हा फक्त तेलुगूच बोलते. मी काटा जरा सरकवून नागपूर लावून दिलं, तर तो माणूस माझ्या पाया पडायला निघाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. यंत्र कधी नाही म्हणत नाही, आपल्याला विचारता येत नाही.

चंपतरावांच्या पोरीचा, रुपाचा, डबा असाच माझ्याकडे आला होता. जुना, कुणाचा तरी वापरलेला. कंपनीनं घातलेलं कुलूप मी तोडलं आणि आत आपली सिस्टीम बसवली. त्या दिवशी दुपारी तिची परीक्षा होती. हैदराबादेत एक कंपनी आहे, ती नवे गेम बाजारात आणण्याआधी माणसांकडून खेळवून घेते, चुका शोधायला. पोरगी सगळ्या फेऱ्या पार करून शेवटच्या फेरीला आली होती. कंपनीनं आधीच पाठवलेला गेम स्वतःच्या यंत्रावर एका दमात शेवटपर्यंत न्यायचा, आणि खेळताखेळता तोंडानं चुका सांगायच्या. यंत्र मध्येच बंद पडलं तर खेळ खलास, दुसरी संधी नाही.

"काका, हे नाही जमलं तं बाबा मले बी.एड.ले टाकून राह्यले," ती मला म्हणाली होती. "मग मी जन्मभर पोट्ट्यायचे पाढे ऐकत बसीन."

तर मी जीव लावला होता. गेममधल्या सावल्या बंद केल्या, गवत विरळ केलं, पाण्यातली प्रतिबिंबं काढून टाकली, चित्र बारीक केलं. तरी शेवटच्या लढाईत, पावसात, चित्र लंगडायचंच. मग एकच उपाय उरला, क्लॉक, म्हणजे यंत्राच्या मेंदूचा वेग, वाढवायचा. ऑइल इंजिनाचा गव्हर्नर ढिला केला की इंजिन कसं बेभान पळतं? तसंच हे. पळतं झकास, पण तापतं. दुकानात कुलरसमोर धरलं की टिकायचं. कुलर बंद केला की तापमानाचा आकडा नव्वदीच्या पुढे जाऊन डबा आपोआप विझायचा.

त्यांच्या घरी पोचलो तो रुपा ओसरीवर डोळे पुसत बसलेली. शेजारी हळद होती. मांडवात डीजे लागला होता आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. माइकमध्ये तिच्या आवाजाऐवजी नवरदेवाच्या मामाची फर्माईश गेली असती.

"कापसाच्या खोलीत बसव न तिले," तिची आई रेणुकाबाई म्हणाल्या. "तिथं ढोलही ऐकू येत नाही."

खरं होतं ते. भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवतात आमच्या भागात, छतापर्यंत. कापूस आवाज खातो. पण त्या खोलीत विडी नाही, काडी नाही, दिवा नाही. चंपतरावांनी बल्बचं होल्डरसुद्धा काढून टाकलं होतं. उजेड म्हणाल तर कौलांत बसवलेल्या एका काचेतून येईल तेवढा. पंखा लावायचा तर बोंडातली मूठमूठ रुई उडून यंत्राच्या पोटात जाणार.

चंपतराव माझ्याकडे वळले. "शेठ, हे तुमचं यंत्र गरम तं नाही होत न?"

"होतं," मी म्हटलं. गिऱ्हाइकाशी खोटं बोलून धंदा टिकत नाही. "पण मी सोबत बसतो. पाण्याची बादली दाराशी ठेवा."

"वर्षाचा कापूस हाये आत."

"आणि पोरीचं वर्ष?" रेणुकाबाई म्हणाल्या.

चंपतराव हळूच, बायकोकडे न बघता बोलले, "त्या कोपऱ्यात नको बसवू."

"तिथंच जागा हाये," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुठला कोपरा? "असंच," चंपतराव म्हणाले, "आमच्या घरी एक कोपरा भरत नाही." आणि बादली आणायला निघून गेले.

दार लोटलं तसं जग बंद झालं. डीजे नाही, माणसं नाही. स्वतःचा श्वास तेवढा कानात, तोही कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखा. चहूकडे कापसाच्या भिंती. सरकीचा तेलकट वास. बाहेर ऊन होतं, खोली भट्टीसारखी हवी होती, आणि होतीही. फक्त त्या मोकळ्या कोपऱ्यात पाय टाकला तशी माझ्या पोटऱ्यांना गार हवा लागली. विहिरीत उतरताना लागते तशी. मी मनाशी म्हटलं, भिंतीला भेग असेल. हात फिरवून पाहिलं. भेग नव्हती.

रुपा कापसाला पाठ टेकून बसली. लॅपटॉप पाटावर, तार डब्याला. मी समोर, बादलीजवळ. तिनं माइक चालू केला आणि ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. आता माझ्या तोंडून शब्द निघाला तरी परीक्षा बुडाली.

पोरगी काय खेळत होती म्हणून सांगू! बोटं नाचत होती आणि तोंड चालू होतं. इथं भिंतीतून हात आरपार जातो, इथं घोड्याची सावली नाही, इथं आवाज मागून येतोय. हैदराबादी साहेबांसाठी शुद्ध हिंदी-इंग्रजीत, एकदम ठणठणीत. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा मी लावून ठेवला होता. तो चढत होता, पण रीतसर.

मग ती रंगात आली आणि मागे सरकली. आपल्याकडे कुणीही हेच करतं, कापसाचा ढीग दिसला की माणूस त्यात रुततोच. ती रुतली, तिचे हात रुतले, आणि डबाही. गरम हवा बाहेर टाकायची फट पुरी कापसात गेली.

आकडा पिवळा झाला. मग लाल.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोललो तर पोरीची परीक्षा गेली, न बोललो तर कापूस गेला. कदाचित पोरगीही. बादलीचा कान धरला. तळहाताला घाम होता आणि कान सटकत होता. जळल्याचा वास येतो का म्हणून मी नाक वर केलं...

वास आला. पण जळल्याचा नाही. भाजक्या मिसरीचा. दात घासायच्या, तंबाखूच्या.

त्या घरात मिसरी कुणी लावत नाही.

मग आवाज. अगदी हळू. कुणीतरी लुगड्याचा पदर सोडून तो हलवावा तसा... थांबून... पुन्हा. रुपाच्या कपाळावरच्या बटा उडायला लागल्या. मी वर पाहिलं. काचेतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात रुईचे तंतू तरंगत होते, ते जागचे हलत नव्हते. एकही नाही. वारा फक्त तिच्यापुरता होता.

आणि आकडा उतरत होता. लाल, पिवळा, हिरवा. उतरता उतरता असा खाली आला, की डबा बंद ठेवला असता तरी त्या दिवसांत एवढा गार झाला नसता.

रुपाच्या मागे, कापसाच्या भिंतीत, एक खळगा पडत होता. कुणीतरी सावकाश टेकून बसावं तसा. आधी पाठ, मग खांदा. तिथं कोणी नव्हतं.

मी भ्यालो, हे कबूल. पण डोकं दुकानदाराचं. शेवटची लढाई सुरू झाली, पडद्यावर पाऊस कोसळायला लागला आणि चित्र लंगडलं. माझ्या सगळ्या करामतीनंतरही. रुपाचा अंगठा चुकला, एक घाव बसला. मी हिशोब केला. आच आपली, गारवा दुसऱ्याचा. समोरची व्यक्ती एवढं फुकट देतेय आणि आपण अर्धंच घ्यायचं? असा सौदा मी आयुष्यात सोडलेला नाही.

मी त्या खळग्याकडे पाहून हात जोडले. मनात म्हटलं, बाई, जी कोण असशील ती, आता माघार घेऊ नको. मग गुडघ्यांवर सरकत गेलो, रुपाच्या हातावरून हात नेला, बाजूचं बटन दाबून सेटिंगची यादी उघडली आणि क्लॉक चढवला. शेवटपर्यंत. जिथं कुठलंच यंत्र मी कधी नेलं नव्हतं, न्यायची छातीच झाली नव्हती.

पदराचा आवाज जोरात झाला.

आणि चित्र! थेंब न थेंब सुटा दिसायला लागला. मग मी सावल्या लावल्या. गवत लावलं. पाण्यात प्रतिबिंबं आली. एवढंसं जुनं यंत्र, आणि पडद्यावर असा पाऊस की भिजतील म्हणून मी पाय आखडून घेतले. रुपा हसली, हसतहसतच बोलत राहिली आणि शेवटचा राक्षस तिनं असा लोळवला की लॅपटॉपमधून पलीकडच्या बाईंचा आवाज आला, "अरे वाह!"

संध्याकाळच्या आत फोन आला. पोरगी निवडली गेली. चंपतराव ओसरीवरून थेट शेजारच्या मांडवात घुसले आणि डीजेवाल्याला मिठी मारून नाचले. पाहुणे समजले, हे वरपक्षाचे.

मी मागच्या दारात बसून डबा उघडला. आतला बारका पंखा रुईनं गच्च झाला होता. पातं बोटानंही फिरेना. तो कधीचाच थांबला असणार. आणि सगळ्यात जास्त तापते ती आतली चकती एवढी गार, की तिच्यावर दव धरलं होतं.

रेणुकाबाई चहा घेऊन आल्या. मी त्यांना डबा दाखवला. त्यांना नवल वाटलं नाही.

"गयाबाई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कापूस तुडवाले यायची. खोली दाबून दाबून भरावी तिनंच. रुपी तान्ही होती तवा मी वावरात जाओ, अन् ही इथं कापसावर निजलेली. गयाबाई बाजूले बसून पदरानं वारा घाले. एका हिवाळ्यात तिथंच निजली, उठलीच नाही. तवापासून तो कोपरा आमी भरत नाही."

"का बरं?"

"भरला तरी सकाळी मोकळाच दिसे, शेठ."

रुपा हैदराबादेला गेली. तिथं तिचं नाव झालं. मोठमोठे शिकलेले लोक तिला विचारून सेटिंग करतात म्हणे. माझंही नाव झालं, आता मावला गावाकडून आणि आदिलाबादेतून पोरं डबे घेऊन येतात आणि विचारतात, शेठ, तुमी तो क्लॉक कसा चढवला? मी सांगतो, हिंमत लागते. ते खोटं नाही.

यंदा चंपतराव दुकानात आले. चहा घेतला, इकडंतिकडं पाहिलं. "शेठ, खोली तापून राह्यली यंदा. त्या कोपऱ्यातसुद्धा. म्या तो भरला... अन् भरलेलाच राह्यला."

ते गेल्यावर मी रुपाला फोन लावला. सहजच. कशी आहेस, जेवण बरं मिळतं का.

"मजेत हाये, काका," ती म्हणाली. "एकच गोष्ट. ऑफिसात माझ्या बाजूची खुर्ची रिकामीच ठेवा लागते. कोणी बसलं की थंडी वाजते म्हणून उठून जाते. एसीवाला किती वेळा येऊन गेला! तो म्हणते, या कोपऱ्यात एसीचा पाइप आलेलाच नाही."

"आणि तुला? तुला नाही वाजत थंडी?"

"नाही न काका," ती हसली. "मले तं मस्त झोप येते."