मानाची रांग

सातमाळ नगराच्या जालकेंद्रात दुपारी तीन वाजता मुख्य अभियंता इरावती बोंद्रे दोन आकडे बघत होती. मानाच्या रांगेत एक्केचाळीस हजार जोडण्या, साध्या रांगेत दोन हजार. शहरातल्या एकूण जोडण्या त्रेचाळीस हजार. म्हणजे सातमाळमध्ये सामान्य माणूस जवळजवळ संपला होता.

त्याच वेळी शहरातल्या रुग्णालयात गोदाक्का ढमढेरे टेबलावर होत्या. कवटी उघडलेली, पण माणूस जागा. वाचा शाबूत आहे ना, हे त्यांना बोलतं ठेवूनच कळणार होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. यास्मिन तांबोळी बंगळुरूत बसून इथला यंत्रहस्त चालवत होत्या. आणि तो हात तिसऱ्यांदा थांबला होता.

"पोच दोन सेकंदांनी येतेय," ध्वनिक्षेपकातून तांबोळी म्हणाल्या. "अशा स्थितीत मी पातं हलवणार नाही. रक्तवाहिनी चिमट्यात धरलीय. वीस मिनिटं थांबेल, त्यापुढे नाही."

इरावतीच्या मागे नगरप्रमुख त्र्यंबकराव ढमढेरे उभे होते, आक्कांचे धाकटे भाऊ. ते रुग्णालयात गेले नव्हते. तिथला कॅमेरा आक्कांवर होता, जालकेंद्रातला त्यांच्यावर.

"मानाच्या रांगेत असून उशीर? कोणाला निलंबित करायचं ते सांगा."

"साहेब, जाळ्यातून अख्खा संदेश जात नाही. त्याची बारीक पुडकी करतात, प्रत्येकावर पत्ता घालतात. वाटेतली यंत्रं, आम्ही त्यांना वाटाडे म्हणतो, पत्ता वाचून पुडकं पुढे ढकलतात. मिळालं की पलीकडून पोच येते. गर्दी झाली की वाटाड्या पुडकी रांगेत लावतो. रांग भरली की उरलेली फेकून देतो."

"मानाचीसुद्धा?"

"त्याला माणसं ओळखू येत नाहीत. फक्त चिन्ह."

चिन्हाची कल्पना त्र्यंबकरावांचीच. शहराच्या वेशीवरच्या वाटाड्याच्या क्षमतेतले शंभरातले सत्तर भाग मानचिन्ह असलेल्या पुडक्यांना, असा ठराव त्यांनी पाच वर्षांपूर्वी केला. उरलेले तीस न्यायालयाने साध्या लोकांसाठी बांधून दिले. चिन्हाला शिफारशीची तीन पत्रं लागत. पहिल्या वर्षी मानकरी चाळीस होते. मग त्यांचे व्याही झाले, व्याह्यांचे शेजारी झाले, शेजाऱ्यांच्या भिशीतल्या बायका झाल्या. आज तर सगळे मानकरी एकाच वेळी आक्कांची शस्त्रक्रिया थेट पाहत होते. प्रक्षेपण बाहेरच्या यंत्रावरून प्रत्येकाकडे वेगळं, वेशीतूनच आत येत होतं आणि चित्राखाली 'काळजीत असलेल्यांची' नावं सरकत होती. आपलं नाव सरकेपर्यंत कोण हलणार?

"प्रक्षेपण बंद करते," इरावती म्हणाली.

"खुळ्या आहात का? एवढी माणसं काळजी करतायत!"

"मग आक्कांचं चिन्ह काढते. साध्या रांगेत दोन हजारांना तीस भाग आहेत. रस्ता रिकामा आहे."

"नगरप्रमुखाची बहीण साध्या रांगेत? लोक काय म्हणतील?"

ध्वनिक्षेपक खरखरला. रुग्णालयाची अंतर्गत तार मोकळी होती आणि गोदाक्का सगळं ऐकत होत्या.

"त्र्यंबक, मी तीस वर्षं टपालाची पाकिटं लावली. दिवाळीत सगळेच 'तातडीचे' शिक्के मारून आणायचे. मग आम्ही बिनशिक्क्याची आधी काढायचो, ती थोडी असायची. मला साधी कर. तुझा मान तुझ्यापाशी ठेव."

"आक्का, हे प्रक्षेपणात ऐकू जातंय!"

"जाऊ दे की. पोरी, दाब तुझं बटण."

चिन्ह मिळवायला तीन पत्रं लागत; सोडायला एक बटण पुरे. ते आजवर कोणी दाबलंच नव्हतं. इरावतीने दाबलं. पोच डोळ्याची पापणी लवायच्या आत आली. यंत्रहस्त हलला.

"छान," तांबोळी म्हणाल्या. "गोदाक्का, महिने म्हणा. चैत्रापासून."

आक्का आश्विनापर्यंत पोचल्या आणि इरावतीच्या पडद्यावरचा आकडा धावू लागला. साध्या रांगेत तीन हजार. अकरा हजार. सत्तावीस हजार.

"हे काय?"

"तुमचे मानकरी, साहेब. नगरप्रमुखांनी बहिणीला जिथे नेलं तिथेच काहीतरी असणार, असं वाटलं त्यांना. सगळे बटण दाबतायत."

जवळजवळ त्रेचाळीस हजार. हात थांबला.

"आणखी तीन मिनिटं हवीत मला," तांबोळींचा आवाज तुटत आला. "फक्त तीन."

इरावतीने दुसरा आकडा पाहिला. मानाच्या रांगेत चौदा जोडण्या, त्याही बहुधा झोपलेल्यांच्या. सत्तर भाग ओस पडलेले. तिने मुख्य अभियंत्याचा अधिकार वापरला आणि आक्कांवर चिन्ह पुन्हा चढवलं. हात हलला.

"बघा!" त्र्यंबकराव कॅमेऱ्याकडे वळले. "शेवटी मानच कामी आला!"

"साहेब, आता गप्प राहा. हे ऐकलं तर सगळे परत इकडे धावतील. सोडलेलं चिन्ह परत घ्यायचं बटण पुढचे चोवीस तास चालतं, पत्रं लागत नाहीत. आक्का जातील. तीन मिनिटं. नुसती तीन."

त्र्यंबकरावांनी प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. त्यांनी ओठ मिटले, घड्याळ पाहिलं, उपरणं नीट केलं. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा होता. चाळीस सेकंद ते टिकले.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "मानाच्या रांगेनेच आज माझ्या बहिणीला..."

इरावतीने त्यांना थांबवलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. भाषणाची पुडकी बाहेरच्या यंत्रापर्यंत सुखरूप गेली, तिथून परतली आणि वेशीवर येऊन उभी राहिली. ऐकणारे सगळे साध्या रांगेत होते, आणि साधी रांग तुंबलेली होती. वाटाड्या भाषण वाचत नव्हता. फेकत होता. पुन्हा आलं की पुन्हा फेकत होता.

"झालं," तांबोळी म्हणाल्या. "चिमटा सोडला. रक्तस्राव नाही. गोदाक्का, कुठे होतो आपण?"

"कार्तिक," आक्का म्हणाल्या. "आणि त्र्यंबक कुठे आहे?"

"भाषण करतायत," इरावती म्हणाली. "अजून 'बंधुभगिनींनो'पर्यंतच पोचलंय."

"पुढचं पोचेस्तोवर मला टाके घाला," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी मार्गशीर्ष म्हटला.