पत्र्यामागचा हात

भांडी उरकून मेर्ल भर दुपारी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, ती मडगार्डचा खळगा आज निघतो का ते बघायला. बाहेर ऊन असं, की निलगिरीच्या झाडावरचे पोपटसुद्धा गप्प. आत जुन्या तेलाचा, तापलेल्या पत्र्याचा वास कोंडला होता.

गाडी दोघांपुरती, बिनछताची, मेर्लच्याच वयाची. तिच्या नवऱ्यानं, क्लेमनं, ती एका मेंढपाळाच्या कोठारातून हौसेनं ओढून आणली, खोलून सुटी केली आणि तशीच सोडून अर्धांगानं अंथरूण धरलं. डावा हात तर लाकूडच झाला. हिवाळा काही तो बघत नाही, असं डॉक्टरनं मेर्लला बाजूला घेऊन सांगितलं होतं. क्लेमला एकच हवं होतं, या गाडीत बसून वालरू बंदराच्या धक्क्यावर जायचं. इंजिन मेर्लनं स्वतः जुळवलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवा म्हणून ती कोणाच्या दारातही उभी राहिली नव्हती. अडलं होतं एवढ्याशा मडगार्डाशी. दबलेला पत्रा चाकाला घासत होता.

"कापून टाक की," शेजारचा बेव्हन कुंपणावरून म्हणाला होता.

"तुझं नाक घासायला लागलं, तर तेही कापू का?" मेर्लनं विचारलं. मग पत्र्यामागे जरा हात धर म्हटल्यावर त्यानं स्वतःची कंबर धरली.

काम दोघांचं होतं. एकानं बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्यानं आतून मुठीएवढा लोखंडी ठोकळा टेकवायचा. मागे ठोकळा असला की घाव टणकन वाजतो, नसला की भद्द. मेर्लचा हात तिथवर पोचत नव्हता. तरी तिनं चिडून एक घाव घातला.

टण.

ती थांबली. ठोकळा मेजावर होता. तिनं गुडघे टेकून आत बघितलं. काळोख, वाळकी माती, एक कोळ्याचं जाळं. जाळं तुटलेलंसुद्धा नव्हतं.

पुन्हा मारला. टण. मग हातोडी बोटभर सरकवली, तसं मागचं जे काही होतं तेही सरकलं. हातोडीच्या आधी सरकलं. पत्र्यातून एक ठाम, शांत दाब तिच्या तळव्याला लागत होता. मेर्लचे केस उभे राहिले, पण हात थांबेना. असं काम तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पत्रा पाण्यासारखा वर येत होता.

खळगा गेल्यावर ती घरात आली. क्लेम उशीला टेकून खिडकीकडे बघत होता.

"कोणाला बोलावलंस?" त्यानं विचारलं.

"कोणालाच नाही..."

क्लेमनं मान हलवली. "मी ऐकत होतो. जो कोणी आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे." मग हळूच म्हणाला, "चहा तरी विचारायचास."

मेर्लला हसू आलं, आणि हसता हसता तिनं दाराची कडी लावली.

मडगार्डाला दिलेला रंग सुकल्यावर ते निघाले. बेव्हननं क्लेमला उचलून बसवलं, कंबरेचं नावसुद्धा काढलं नाही. गाडी गव्हाच्या रानांमधून गुरगुरत गेली. चाक कुठे घासलं नाही. धक्क्याशी मेर्लनं इंजिन बंद केलं. समोर समुद्र पसरला होता. क्लेमचे डोळे भरून आले.

"झालं, म्हातारे," तो म्हणाला. "आता मला काही नको."

त्याला वारा लागू नये म्हणून शाल सारखी करायला मेर्ल उतरून त्याच्या बाजूला गेली. तेव्हा तिला दिसलं. त्याचा डावा हात मांडीवर नव्हता. तो दाराच्या आतल्या पत्र्याला टेकला होता. बोटं अशी वळलेली, जशी मुठीएवढं काही धरून आहेत.

तिनं बाहेरून, बोटाच्या पेरानं दारावर हलकेच मारलं.

टण.

क्लेमनं समुद्रावरून नजर काढली नाही.

"मेर्ल," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तो मी नाही."