पियूषच्या जागी अजेय

पीथमपुरच्या शिफ्टबसच्या थांब्यावर किमयाने ज्याला अडवलं, तो थांबला याचंच तिला आश्चर्य वाटलं. आधीच्या अकरा जणांनी "टाइम नहीं है मॅडम" म्हणत तिला कटवलं होतं.

"तुम्ही मराठी का?" त्याने विचारलं. "फॉर्म हिंदीत, पण पुटपुटताय मराठीत."

किमया ओशाळली. धारच्या तिच्या कॉलेजची पाहणी होती ती. घर सोडून नोकरीला आलेला माणूस कामावर जास्त खूश असतो, की घरीच राहून काम करणारा? एकाच घरातले दोघे शोधायचे, एक गेलेला, एक राहिलेला. हा अजेय देवासचा. गाड्यांच्या कारखान्यात पर्मनंट, इथे भाड्याच्या खोलीत राहणारा. घरी थोरला भाऊ पियूष, वडिलांच्या मागे हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान चालवणारा.

"कामावर समाधानी आहात?"

"इतका मोठा सवाल… आणि बस तर निघाली," तो हसला. "पुढच्या गुरुवारी सांगू?"

चौदा प्रश्नांच्या त्या फॉर्मला तीन गुरुवार लागले. बाकीच्यांचं दहा मिनिटांत आटपायचं, हे किमयाने कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या गुरुवारी तो भावासाठी कोरा फॉर्म घेऊन गेला, आणि जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. त्याच आठवड्यात तिने आईच्या, म्हणजे माईच्या, कानावर अजेयचं नाव घातलं. माईने किमयाच्या वडिलांना, भाऊंना, सांगितलं. जावई पर्मनंट नोकरीचाच हवा, ही भाऊंची एकच अट. ते खूश झाले.

मग महिन्याभराने पियूषचा फॉर्म आणायला ती देवासला गेली. दुकानाच्या पायरीवरच तिचा पाय अडला. समोर हार्मोनियमचा भाता उघडून, मांडीवर सुरांच्या पट्ट्या पसरून बसला होता… अजेय.

"तुम्ही? सुट्टीवर आलात?"

"नाही. नोकरी सोडली."

किमयाला वाटलं, हा थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता.

"दादाचा फॉर्म आम्ही दोघांनी त्याच रविवारी जेवायच्या आधी शेजारी बसून भरला, माझी उत्तरंही मी त्याला सांगितली," तो म्हणाला. "दादाला हवा होता ठरलेला पगार, त्याच्या मुलीच्या, चिऊच्या शाळेसाठी. मला हवं होतं हे दुकान. दहा वर्षं दोघं गप्प होतो, मॅडम. मग दादा गेला पीथमपुरला. तिथे गोदामात लागला, वहिनी आणि चिऊला घेऊन माझ्याच खोलीत राहतोय. आणि मी इथे."

"अहो, पण असं कसं सोडलंत?" किमयाचा आवाज चढला. "मी घरी सांगून बसलेय, मुलगा पर्मनंट आहे म्हणून—"

तिने जीभ चावली. अजेयच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"घरी… कशासाठी सांगितलंत?"

किमयाचे कान तापले होते, पळून जावंसं वाटत होतं. पण पीथमपुरला तीन गुरुवार पाहिलेला तो दमलेला चेहरा आज किती मोकळा दिसत होता. हा असाच हवा आपल्याला, हे तिला कळलं, आणि भीतीही वाटली. तिने फोन काढला.

"माई, भाऊंना दे." मग एका दमात, "भाऊ, त्यांनी नोकरी सोडली. हो, पर्मनंट होती ती. आता हार्मोनियम दुरुस्त करतात… नाही, वेड नाही लागलं मला. तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन, पण लग्न करीन तर यांच्याशीच."

"अहो," अजेय कसाबसा म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "मला तर कुणी विचारलंच नाही."

"विचारते मग." फोन कानालाच होता. "कराल?"

"हो," तो म्हणाला. इतक्या मोठ्यांदा, की शेजारचा पानवाला वळून पाहू लागला.

फोनवर भाऊ खाकरले. "ऐकलं मी," ते म्हणाले. "रविवारी त्याला घेऊन ये."